बापांवरची फेलोशिप

मी मानव विकास या विषयात एम.एस्सी. करत होते तेव्हा आमच्या वडनेरात तो विषय काय असतो हे कोणालाच ठाऊक नव्हतं, पण त्याचं नाव मात्र सगळ्यांच्या ओळखीचं होतं. खेड्यापाड्यांतल्या शाळकरी पोरींना आणणारी एसटीची जी निळी गाडी असते, तिच्यावर 'मानव विकास' असं ठसठशीत लिहिलेलं असतं. त्यात माझे बाबा एसटीत कंडक्टर. त्यामुळे पोरगी बापाच्याच लाइनीत चालली, असा गावाचा पक्का समज झाला होता. शेजारच्या काकूंनी एकदा आईला विचारलं, "मंग पोरीले बिल्ला कवा भेटते व?"

आईनं तो गैरसमज दूर करायचा प्रयत्न एकदाच केला. "नाई व, तिचं होम सायन्स हाय."

"मंग तं तूनं घरीच शिकवलं असतं. वरनभात कराले कालेज काऊन लागते?"

त्यानंतर आईनं बिल्ल्याचीच गोष्ट चालू ठेवली. तिला ती जास्त सोयीची वाटली.

एम.एस्सी. संपल्यावर मी पीएच.डी.ला नाव घातलं. माझ्या मार्गदर्शक मॅडम उंचीनं लहान, आवाजानं मोठ्या आणि स्वभावानं उघड्या तलवारीसारख्या होत्या. त्यांनीच एक दिवस मला फेलोशिपची जाहिरात दाखवली. मानव विकास आणि कौटुंबिक अभ्यासाच्या विद्यार्थ्यांसाठी दोन वर्षांची फेलोशिप होती. पहिल्या वर्षाचं काम बघून दुसरं वर्ष द्यायचं की नाही ते ठरणार होतं.

माझ्या डोक्यात आयांवर काहीतरी करायचं होतं. आमच्या विषयात सगळे आयांवरच करतात. मॅडम म्हणाल्या, "आयांवर इतकं संशोधन झालंय की आता प्रश्नावली दिसली की त्या पळतात. तू बापांवर कर. त्यांना अजून कोणी पकडलेलं नाही."

म्हणून माझा विषय ठरला: 'महामार्गालगतच्या कुटुंबांतील पित्यांचा बालसंगोपनातील सहभाग: वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात एक अभ्यास'. शेवटचं 'एक अभ्यास' मॅडमनी आठवणीनं घालायला लावलं. ते नसलं तर निवड समितीला वाटलं असतं की मी बापांची वरात काढणार आहे.

निवड समितीत तिघं होते. एक अध्यक्ष, एक बाई आणि एक सर जे मुलाखत संपेपर्यंत खिडकीबाहेरच बघत होते. अध्यक्षांनी विचारलं, "या संशोधनाचा देशाला काय उपयोग?"

मी तीन दिवस या प्रश्नाचं उत्तर पाठ केलं होतं. ऐन वेळी ते सगळं पुसलं गेलं आणि तोंडातून निघालं, "देशाचं माहीत नाही सर, पण एखाद्या घराला होईल."

अध्यक्ष नाराज झाले. त्यांनी चष्मा वर केला. "लग्न झालंय का?"

"नाही सर."

"फेलोशिपच्या मध्येच झालं तर?"

"तर नमुन्यात एक बाप वाढेल."

मला चुरचुरीत बोलायचं नव्हतं, देवाशपथ. घाबरले की माझी जीभ माझ्याआधी पळते. पण समितीतल्या बाईंना ठसका लागला, त्यांच्या हातातला चहा माझ्या अर्जावर सांडला आणि खिडकीवाले सर पहिल्यांदा आत वळले. फेलोशिप मला मिळाली. ती गुणवत्तेवर मिळाली की त्या सांडलेल्या चहावर, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

घरी बाबांनी मोबाईलवर आलेलं फेलोशिपचं पत्र चष्मा लावून दोनदा वाचलं. "कायचा अभ्यास हाय हा?"

"बाप लोक मुलांना कसं वाढवतात त्याचा."

बाबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "बाप कमावते, माय वाढवते. झालं. याले दोन वर्षं काऊन लागते?"

त्यांचं त्यांच्यापुरतं बरोबर होतं. माझ्या लहानपणी बाबा म्हणजे दाराशी काढलेले बूट आणि खुंटीवरचा खाकी शर्ट. मी उठायच्या आत ते पहिल्या गाडीवर गेलेले असत, नाहीतर कुठल्यातरी गावी मुक्कामी गाडी घेऊन. त्यात मला कधी काही वावगं वाटलं नाही. वर्गातल्या अर्ध्या पोरींचे बाप असेच होते. फरक इतकाच की माझा बाप गणवेशात गायब असायचा.

कामाला मी जामपासून सुरुवात केली. जाम म्हणजे चौक आधी आणि गाव नंतर. मोठे रस्ते तिथे एकमेकांना भेटतात, त्यामुळे ढाबे, चहाच्या टपऱ्या, संत्र्यांचे ढीग आणि टायरची दुकानं सगळं एका जागी. बाप दिवसभर दुकानात सापडणार, हा माझा हिशेब. पहिलाच बाप टायरवाला होता. रुंद खांद्याचा, हात कोपरापर्यंत काळे, तीन मुलींचा बाप. दुकानाच्या मागेच घर आणि मध्ये फक्त एक पडदा.

माझ्याकडे प्रमाणित प्रश्नावली होती. ती मुळात इंग्रजीत होती, तिथून हिंदीत आली आणि हिंदीतून मराठीत येईपर्यंत तिचा जीव गेला होता. मी वाचलं, "मी माझ्या अपत्याच्या भावनिक गरजांना तत्परतेने प्रतिसाद देतो. नेहमी, कधीकधी, क्वचित, कधीच नाही."

"म्हंजे?" टायरवाल्यानं विचारलं.

"म्हणजे पोरगी रडली तर तुम्ही काय करता?"

"तिच्या मायले हाक मारतो."

"मग यातलं काय लिहू? कधीकधी की क्वचित?"

"हाक ना? नेहमी."

पडद्यामागून हसू आलं. कोणीतरी पदरात तोंड खुपसून हसावं तसं. टायरवाल्यानं तिकडे डोळे वटारले आणि पुढच्या एकतीस प्रश्नांना न ऐकताच 'नेहमी' असं उत्तर दिलं. एका प्रश्नात 'मी मुलांना शारीरिक शिक्षा करतो' असं होतं. तिथेही 'नेहमी'च. मी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाला, "नाई नाई, हे उलटं लिवलं हाय का? मंग कधीच नाई."

पुढचे सगळे बाप असेच निघाले. संत्रीवाला नेहमी, ढाबेवाला नेहमी, पानठेलेवाला तर 'नेहमीच्याही वर काई असन तं थे लिवा' म्हणाला. पुस्तकात याला सामाजिक इष्टता म्हणतात. चार लोकांत बरं दिसेल असं उत्तर माणूस देतो. आमच्याकडे याला फेकणं म्हणतात.

मॅडमनी वीसेक फॉर्म चाळले आणि चष्मा टेबलावर ठेवला. "इतके गुणी बाप आपल्या जिल्ह्यात आहेत? मग आपला विभाग कशाला हवा? कुलूप लावू आणि घरी जाऊ." मग जरा नरमाईनं म्हणाल्या, "काही साधे प्रश्न तयार कर. ज्याला नेहमी-कधीकधी चालणार नाही असे."

मी तीन प्रश्न तयार केले. मुलाच्या वर्गशिक्षकांचं नाव काय? मुलाच्या चपलेचा नंबर किती? मुलाला कशाची भीती वाटते?

त्याच सुमारास बाबा रिटायर झाले. पहिले आठ दिवस झोपून काढले आणि नवव्या दिवशी आईच्या स्वयंपाकघरात ड्यूटीवर रुजू झाले. डबे उंचीप्रमाणे लावले. भाजीवाली दारात आली की तिला 'पुढे सरका' म्हणू लागले. आईनं एका सकाळी मला बाजूला घेतलं. "तू जामले जाऊन राह्यली ना? यायले बी घेऊन जाय. नाईतं मी तरी कुठी जातो."

म्हणून बाबांच्या स्कूटरवर मागे बसून मी पुन्हा जामला गेले. टायरवाल्याच्या दुकानासमोर बाबांनी स्कूटर लावली आणि टायरवाला हातातला पाना टाकून उभाच राहिला.

"कंडक्टर साहेब! तुमी मले एकडाव भर उन्हात गाडीतून उतरवलं होतं."

"काऊन?"

"टायर घेऊन चढलतो म्हून."

"मंग बराबरच होतं. टायर गाडीच्या खाली पाह्यजे. गाडीत काऊन?" बाबा म्हणाले आणि तिथल्या लाकडी बाकावर जाऊन बसले. टायरवाल्यानं चहा मागवला. चहा प्यायला आणखी दोघं-तिघं जमले. मी फॉर्म काढला आणि पहिला नवा प्रश्न विचारला, "तुमच्या मधल्या मुलीच्या वर्गशिक्षकांचं नाव काय?"

टायरवाला अडकला. त्यानं वर बघितलं, मग पडद्याकडे बघितलं. पडद्यामागून आज हसू आलं नाही आणि उत्तरही आलं नाही. चार लोक बघत होते. मग त्यानं एकदम बाबांवर डाव उलटवला. "कंडक्टर साहेब, तुमीच सांगा बरं. तुमाले मालूम होतं का हिच्या मास्तरचं नाव?"

मी घाईघाईनं म्हटलं, "भाऊ, प्रश्न तुम्हाला आहे."

पण बाबांनी हात वर केला. गाडी थांबवायला करायचे तसाच. "नाई," ते म्हणाले. "मास्तरचं नाव सोडा. ही चौथीत होती तवा मी वर्षभर समजून होतो का तिसरीत हाय."

सगळे हसले. मीही हसले, कारण मला हे माहीतच नव्हतं.

"हिच्या आईनं सांगतलं, पाचवीचे पुस्तकं आनाचे हाय. मी म्हटलं, चौथी कुठी गेली?"

पुन्हा हशा झाला. बाबा मात्र आता हसत नव्हते. कपातल्या चहाकडे बघत म्हणाले, "एकडाव हिले टायफॉइड झालता. मी निवडनुकीच्या ड्यूटीवर गेलतो, आष्टीकडं. परत आलो तं ही दवाखान्यातून घरी बी आली होती. मी इचारलं, हातावर पट्टी कायची? तवा समजलं. मी हिच्या आईले म्हटलं, मले सांगतलं काऊन नाई? तं ती म्हने, सांगून तुमी काय करनार होते?"

रस्त्यावरून एक ट्रक गेला, दुसरा गेला.

टायफॉइड मला आठवत होता. दवाखान्यातलं पंख्याचं पातं, मोसंबीची कडवट फोड, सुई टोचलेली जागा. बाबा तिथे नव्हते हे मात्र आठवत नव्हतं. नसणं हेच ज्यांचं रोजचं, त्यांची एखाद्या दिवसाची गैरहजेरी वेगळी कशी आठवणार? पण ते स्वतः ती गैरहजेरी इतकी वर्षं लक्षात ठेवून होते. मी पेनाचं टोपण उघडत आणि लावत बसले. कोणत्याच चौकटीत हे लिहिता येत नव्हतं.

टायरवाल्यानं फडक्यानं हात पुसले. ते काळं निघण्यासारखं नव्हतं, तरी पुसत राहिला. "मधली माह्याशी बोलत नाई," तो म्हणाला. "पयले इथीसाच बसून अभ्यास करे. या बाकावर. आता मोठी झाली, ट्रकवाले येतात-जातात. मी म्हटलं, दुकानात येत नको जाऊ. तवापासून बोलत नाई."

पडदा सरला आणि त्याची बायको बाहेर आली. "बोलते ती. यायले ऐकू नाई येत. आता इचारत होत्या ना बाई तुमी, कायचं भेव वाटते? तिले याचंच भेव वाटते का बाप आता आपल्याले दुकानात कधीच बसू देनार नाई."

ती मुलाखत पाऊण तास चालली. बत्तीस विधानांपैकी त्यानं बहुतेकांना 'क्वचित' म्हटलं आणि दोनांना 'कधीच नाही'. शेवटी मला विचारलं, "ताई, एवढं खराब लिवलं तं मले काई होनार तं नाई ना?"

त्या दिवसापासून बाबा माझ्या संशोधनाचा कणा झाले. आम्ही कुठल्याही टपरीवर गेलो की आधी बाबा आपली चौथी हरवल्याची गोष्ट सांगायचे, मग टायफॉइड आणि मग समोरचा बाप आपोआप सुटायचा. एकानं सांगितलं की मुलाच्या भीतीनं तो घरी उशिरा जातो, कारण मुलगा गणित विचारतो. एकानं मुलीच्या चपलेचा नंबर अचूक सांगितला आणि सगळ्यांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

अडचण एवढीच झाली की गोष्ट वारंवार सांगितली की ती सुधारत जाते. आठव्या-दहाव्या मुलाखतीत बाबा दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले. मी त्यांना स्कूटरजवळ गाठलं. "बाबा, तुम्ही खरंच रडला होता?"

"नाई."

"मग?"

"लोकायले बरं वाटते."

"ते काढून टाका. आणि दवाखान्यात तुम्ही गेलाच नव्हता, तर पायरी आली कुठून?"

बाबा चांगलेच रुसले. हेल्मेट घालता घालता म्हणाले, "तुह्या रिसर्चमंदी बाप बी ओरिजनलच लागते का?"

नवे फॉर्म बघून मॅडमना धक्का बसला. "हे सगळे बाप एका महिन्यात बिघडले कसे?"

मी सगळं सांगितलं. मॅडमनी डोळे मिटले. "म्हणजे मुलाखत घेणारीचे वडील मुलाखतीत बसतात."

"हो."

"आणि कबुलीजबाब देतात."

"हो."

"आधी की नंतर?"

"आधी."

"याला काय म्हणतात माहीत आहे?"

"दूषित माहिती?"

"दूषित हा सभ्य शब्द झाला."

पण विद्यापीठाच्या परिषदेत विद्यार्थी संशोधन पुरस्कार होता आणि मॅडमना या कामावरचा माझा शोधनिबंध पाठवायचाच होता. शेवटी मध्यम मार्ग निघाला. पद्धतीच्या भागात मी लिहिलं, 'स्थानिक सहाय्यकाच्या मदतीने उत्तरदात्यांशी सौहार्द प्रस्थापित करण्यात आले.' वाक्य गुळगुळीत होतं आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. त्याचाच मला अभिमान वाटला.

घरी बाबांनी निबंध वाचायला मागितला. ते सगळं वाचतात, औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा. त्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. "हा सहाय्यक कोन?"

"तुम्हीच."

बाबांनी पान उलटलं, पुन्हा मागे आणलं. "मंग त्या टायरवाल्यानं पयले सारं 'नेहमी' लिवलं होतं, थे बी चूक नाई," ते म्हणाले आणि निबंध माझ्या हातात देऊन बाहेर निघून गेले.

मला आधी राग आला. एका रिटायर कंडक्टरनं मला संशोधनाची नीतिमत्ता शिकवावी? मी आईकडे तक्रार घेऊन गेले. आई भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "पन खोटं लिवलं का तूनं?"

"खोटं नाही."

"मंग खरं लिवलं का?"

मी ती ओळ खोडली. तिथे लिहिलं की प्रत्येक मुलाखतीच्या आरंभी संशोधिकेच्या वडिलांनी स्वतःच्या पितृत्वातील उणिवा उत्तरदात्यांना सांगितल्या, आणि त्यानंतर उत्तरांत लक्षणीय बदल झाला. मॅडमना ते दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पुरस्कार गेला, एवढं समजून घे." पण सही केली.

परिषदेत मी ते वाक्य वाचलं तसं पहिल्या रांगेतल्या एका परीक्षकांनी हात वर केला. "तुमच्या वडिलांना हीच गोष्ट पुन्हा सांगायला लावली, तर ते तशीच सांगतील? सातत्याचं काय?"

"नाही सर," मी म्हटलं. "ते सुधारून सांगतात. रडणं मी दोनदा काढून टाकलं आहे."

सभागृह हसलं, परीक्षक हसले नाहीत. पुरस्कार किशोरवयीन मुलांवर मोबाईलचा परिणाम या निबंधाला मिळाला. त्याचा निष्कर्ष असा होता की परिणाम होतो. मला सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं. त्यावर माझ्या नावाआधी 'श्री.' छापलं होतं. बाबांनी ते कपाटावर चिकटवायला घेतलं होतं, मी हिसकावून घेतलं.

पुरस्काराचं एक वेळ ठीक होतं. पण फेलोशिपच्या समितीपर्यंत ही गोष्ट पोचली आणि त्यांचं पत्र आलं की पद्धतीबाबत समाधानकारक खुलासा न आल्यास दुसऱ्या वर्षाचा विचार होणार नाही. मी ते पत्र घेऊन मॅडमच्या खोलीत रडले. ते रडणं मात्र ओरिजनल होतं.

मॅडमनी मला रडू दिलं आणि मग म्हणाल्या, "झालं? आता ऐक. बिघडलंय ना? मग बिघडण्याचाच अभ्यास करू. अर्ध्या बापांना कोरडे प्रश्न विचारायचे. अर्ध्यांना प्रश्न विचारण्याआधी विचारणाऱ्यानं स्वतःबद्दल काहीतरी खरं सांगायचं. मग दोन्ही उत्तरं शेजारी ठेवायची. पण तुझे वडील नकोत. ते नाटकात गेलेत."

"मग खरं सांगणार कोण?"

"तू. आणि पहिल्या दिवशी मी येते."

अशा मॅडम जामला आल्या. ढाब्यावरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या तेव्हा त्यांचे पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. ढाबेवाला अंग चोरून उभा होता. मॅडमचा तो वर्गातला आवाज कुठे गेला कोण जाणे. त्या म्हणाल्या, "मी मुलं कशी वाढवायची ते शिकवते. वीस वर्षं शिकवतेय. माझा मुलगा परगावी असतो. फोन केला की म्हणतो, आई, दोन मिनिटं. आणि खरंच दोनच मिनिटं बोलतो."

ढाबेवाल्यानं एक खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसला. "माहा तं इथंच राह्यते," तो म्हणाला, "पन दोन मिनिटं बी नाई बोलत."

पुढचं सगळं मी फक्त लिहून घेत होते. परतताना गाडीत मॅडमनी बजावलं, "माझं ते प्रबंधात घालायचं नाही हं." मी प्रबंधात घातलं नाही.

माझ्या वाट्याला आलेल्या बापांना मी काय सांगत होते, तेही सांगून टाकते. मी त्यांना सांगायचे की माझे बाबा रिटायर होऊन घरी आले तेव्हा मला आनंद झाला नाही. घरात एक अनोळखी माणूस राहायला आल्यासारखं वाटलं. पहिल्यांदा ते बोलताना माझे कान तापले होते. ती मुलाखत संपेपर्यंत मी समोरच्या माणसाकडे बघितलंही नाही. बाबांना हे कधी सांगितलं नव्हतं. प्रबंध टाइप झाला तेव्हा त्यांनी तो अर्थातच वाचला, त्या वाक्यासकट. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा त्यांनी केला, माझ्यापुढे कप ठेवला आणि म्हणाले, "वळख झाली असन तं प्या." चहात साखर नव्हती. मी पूर्ण प्यायले.

दुसरं वर्ष त्याआधीच मिळालं होतं. खुलाशाचं पत्र मॅडमनी असं लिहिलं होतं की ते वाचून समितीलाच आपण खुलासा द्यायला हवा असं वाटलं असावं.

प्रबंधाची तोंडी परीक्षा सगळ्यांसाठी खुली असते. बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसले होते. बाहेरून आलेले परीक्षक भले गृहस्थ होते. सगळं आटोपल्यावर त्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "श्रोत्यांपैकी कोणाचा प्रश्न?" त्या वेळी कोणी प्रश्न विचारत नाही. सगळ्यांचं लक्ष समोशांकडे लागलेलं असतं.

बाबा उठून उभे राहिले.

"साहेब, एक इचारू का? बाप काय करते हे बापालेच काऊन इचारलं? बाप तं फेकनारच. पडद्यामागं माय उभी हाय, तिले कोनी इचारलंच नाई."

परीक्षकांनी मॅडमकडे बघितलं, मॅडमनी माझ्याकडे. परीक्षक म्हणाले, "हा आज विचारला गेलेला सगळ्यात चांगला प्रश्न आहे. माझ्या प्रश्नांसकट." प्रबंधाच्या शेवटी पुढच्या संशोधनासाठी शिफारसी असतात. त्यात पहिली शिफारस हीच घाला, या अटीवर त्यांनी मला पदवी दिली.

आता मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. फेलोशिपवाली डॉक्टर म्हणून मला मान मिळतो आणि सुट्टीत घरी बसवतात. मागच्या वर्षी आष्टीकडची एक विद्यार्थिनी माझी ती शिफारस घेऊन आली. तिला बायकांना त्यांच्या नवऱ्यांबद्दल विचारायचं होतं. तिचा अर्ज मी सोळा वेळा दुरुस्त केला आणि तिला फेलोशिप मिळाली. सुरुवात ओळखीच्या बाईपासून करते म्हणाली आणि थेट वडनेरला, माझ्या आईकडे गेली.

आईनं तिला जेवायला घातलं, प्रश्नावली ठेवून घेतली आणि चार दिवसांनी ये म्हणून सांगितलं. चार दिवसांनी तिनं फॉर्म परत दिला तेव्हा सगळ्या पानांच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर लिहिलेलं होतं. बारीक अक्षरात, समासातसुद्धा.

मी पोरीला म्हटलं, "दाखव बरं."

ती म्हणाली, "मॅडम, उत्तरदात्याची माहिती गोपनीय ठेवायची, हे तुम्हीच शिकवलं."

मी गप्प बसले. बाबा अजून बसलेले नाहीत. आठवड्यातून एकदा तरी त्यांचा फोन येतो. इकडचं तिकडचं बोलतात, ऊन किती आहे ते सांगतात आणि ठेवता ठेवता विचारतात, "त्या पोरीचं झालं का व टाइप करून? छापते का थे लोक, का फक्त टक्केवारीच देते?"

मागून आईचा आवाज येतो, "टक्केवारीच देते. तुमी जेवाले या."